मामाची तंबाखू आणि बाटलीतला लेप

गेल्या पावसाळ्यात मी एक उद्योग केला. गाडीच्या पुढच्या काचेवर पाणी झटकणारं कोटिंग लावलं, पण अर्ध्याच काचेवर. मधोमध उभी चिकटपट्टी मारली, उजवी म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूची काच लेपली आणि डावी तशीच कोरी ठेवली. दुसऱ्या दिवशी कोथरूडहून ताम्हिणीमार्गे माणगावला जायचं होतं आणि डावीकडे मामा बसणार होता. मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालाय. तीस वर्षं घाटातनं गाड्या खालीवर केल्यात. पावसात काचेतून काय दिसतं आणि काय दिसत नाही, यावर बोलायचा आमच्या घरात त्याच्याइतका अधिकार कुणाचाच नाही.

चांदणी चौक ओलांडला आणि भूगावला नेहमीसारखे अडकलो. पाऊस रिमझिम. गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली, म्हणून दोन मिनिटं वायपर बंद करून मी विचारलं, "मामा, कुठल्या बाजूनं नीट दिसतंय?"

त्यानं मान वाकडी करून माझ्या बाजूची काच पाहिली, मग स्वतःच्या बाजूची. "तुझ्याकडं काचेला देवी आल्यात," तो म्हणाला.

खोटं नव्हतं. माझ्या बाजूला शेकडो बारीक थेंब जागच्या जागी बसले होते आणि पुढच्या टेम्पोचे लाल दिवे प्रत्येक थेंबात एकेकदा दिसत होते. मामाच्या बाजूला पाणी वेडंवाकडं ओघळत होतं. चित्र तिकडेही हललेलंच होतं, पण टेम्पो निदान एकच होता. रुपये खर्चून लावलेल्या लेपाची ही कमाई.

पिरंगुट मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, काटा सत्तरकडे गेला आणि उजवी काच जिवंत झाली. एक थेंब थरथरला, वर सरकला, शेजारच्या दोघांना गिळून फुगला आणि छपराकडे पळाला. त्याच्या मागे दुसरा. पाचेक सेकंदांत सगळी काच वरच्या दिशेनं वाहायला लागली आणि मधनं रस्ता स्वच्छ दिसायला लागला. मामाच्या बाजूला मात्र पाण्याचा पडदा फडफडत होता.

"आता तुझं बरंय," मामा म्हणाला. "वाऱ्यावर चालतंय ते."

लेपाच्या जाहिरातीत जे सहसा लिहिलेलं नसतं ते मामानं तीन शब्दांत सांगितलं. हा लेप पाणी काढत नाही, पाण्याचा फक्त आकार बदलतो. काढायचं काम वारा करतो.

काचेला पाणी का आवडतं

काच म्हणजे वितळवून गार केलेली वाळू, त्यात थोडा सोडा आणि चुनखडी. तिच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जोड्या हात पसरल्यासारख्या बाहेर आलेल्या असतात. पाण्याचा रेणूही याच दोन मूलद्रव्यांचा. त्यामुळे पाणी काचेवर पडलं की या जोड्या त्याला धरून ठेवतात आणि ते पसरतं. खरोखर निर्मळ काचेवर पाण्याचा थेंब टिकतच नाही, तो सपाट होऊन जातो.

पण रस्त्यावरच्या गाडीची काच निर्मळ नसते. डिझेलचा धूर, पुढच्या गाडीनं उडवलेला तेलकट चिखल, सर्व्हिसिंगला फासलेलं मेण, वायपरच्या रबराचा कीस, झाडाचा चीक, असं सगळं तिच्यावर ठिकठिकाणी बसलेलं असतं. मग पाणी एका जागी पसरतं, बोटभर अंतरावर गोळा होतं, तिसरीकडे ओघळ धरतं. त्रास होतो तो या गोंधळाचा.

हे जरा सावकाश बघू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पाणी प्रकाश वाकवतं हे आपल्याला माहीत असतं. बादलीत बुडवलेली काठी मोडल्यासारखी दिसते. पण काचेवर पाण्याचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा असेल तर पलीकडचं चित्र बिघडत नाही, जसं काचेच्या सपाट तावदानातून बिघडत नाही. बिघाड होतो तो उंचवट्यांनी. पाण्याची प्रत्येक लाट आणि प्रत्येक थेंब म्हणजे एक छोटं भिंग. थेंबाकडे जवळून पाहिलंत तर समोरचा रस्ता त्यात उलटा दिसेल, आभाळ खाली आणि डांबर वर. अशी दोनशे भिंगं डोळ्यांसमोर असली की मेंदू कुठल्या रस्त्यावर विश्वास ठेवणार?

यातून सुटायच्या वाटा दोनच. एक तर पाणी इतकं सारखं पसरू द्यायचं की त्याला उंचवटाच राहू नये, नाही तर ते इतकं गोळा करायचं की काचेवर त्याला थाराच मिळू नये. मधली अवस्था सगळ्यात वाईट, आणि कोरी, मळकी काच नेमकी मधेच असते. बाटलीतला लेप दुसऱ्या वाटेनं जातो.

अळूचं पान काचेवर का लावता येत नाही

दुसऱ्या वाटेचा नमुना आपल्या परसात असतो. वड्यांसाठी अळूची पानं नळाखाली धरा, पाणी मोत्यासारखं घरंगळून जातं आणि पान कोरडंच्या कोरडं. 'अळवावरचं पाणी' ही म्हण त्यातूनच आली. कमळाचंही तसंच. जर्मनीत बॉन विद्यापीठातले विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाचं हे गुपित नीट मांडलं. पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचे आणखी बारीक कण. थेंब फक्त या उंचवट्यांच्या टोकांवर बसतो, खाली हवा राहते. खिळ्यांच्या पाटावर फुगा ठेवावा तसं.

पाणी किती गोळा झालंय हे मोजायचं माप म्हणजे स्पर्शकोन. थेंबाकडे जमिनीच्या पातळीतून बघायचं आणि त्याची कड जिथे पृष्ठभागाला टेकते तिथला, पाण्याच्या आतल्या बाजूचा कोन मोजायचा. थेंब पसरून चपटा झाला असेल तर हा कोन अगदी लहान. अर्ध्या लिंबासारखा असेल तर ९० अंश. कमळाच्या किंवा अळूच्या पानावर तो १५० च्या वर जातो, म्हणजे जवळजवळ पूर्ण गोळी. या कोनामागचा हिशेब इंग्रज वैज्ञानिक थॉमस यंग यांनी १८०५ मध्येच सांगून ठेवला होता: पाण्याला स्वतःची ओढ किती आणि पृष्ठभागाची ओढ किती, यांच्या रस्सीखेचीत तो कोन ठरतो.

मग अळूसारखे उंचवटे काचेवर का बसवत नाहीत? दोन अडचणी आहेत. उंचवटे आले की प्रकाश विखुरतो आणि काच दुधाळ होते, न्हाणीघराच्या खिडकीसारखी. आणि अळूच्या पानावरून कोणी दिवसभर रबराची पट्टी फिरवत नाही. वायपरच्या काही फेऱ्यांत ते नाजूक उंचवटे साफ झोपतील. म्हणून गाडीच्या काचेवरचा लेप गुळगुळीतच असावा लागतो, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर नुसत्या रसायनाच्या जोरावर १२० अंशांच्या आसपास मर्यादा येते. बाजारातले चांगले लेप १०० ते ११० अंशांपर्यंत जातात. तेव्हा बाटलीवर कमळाचं चित्र असलं तर ते कौतुकानं बघावं आणि पुढे वाचावं.

बाटलीत असतं काय

मुख्यतः दोन घराणी आहेत. पहिलं सिलिकॉनचं. अमेरिकेत हॉवर्ड ओलहाउसेन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेलं 'रेन-एक्स' हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. कृती ऐकायला सोपी आहे: सिलिकॉनचं तेल, अल्कोहोल आणि थोडं आम्ल. काचेवर चोळलं की अल्कोहोल उडून जातं, आम्लाच्या मदतीनं सिलिकॉनची साखळी काचेच्या त्या पसरलेल्या हातांना जोडली जाते आणि साखळीची तेलकट बाजू बाहेर तोंड करून राहते. पाण्याला आता काच भेटतच नाही, भेटते ती ही तेलकट पाठ. तिथे धरायला काही नाही, म्हणून पाणी स्वतःतच आक्रसून गोळा होतं.

दुसरं घराणं फ्लोरिनचं. नॉनस्टिक तव्याच्या थराशी नातं सांगणारी ही रसायनं. रेणूचं एक टोक काचेशी पक्कं जुळतं, दुसऱ्या टोकाला फ्लोरिनची शेपटी असते. हे लेप महाग आणि जास्त टिकाऊ. गाड्या चकाचक करून देणाऱ्या डिटेलिंग स्टुडिओत काचेचं 'सिरॅमिक कोटिंग' म्हणून जे करून देतात त्यातही बहुधा या दोनांपैकीच काहीतरी असतं. ते कुंभाराच्या भट्टीतून आलेलं नसतं. फ्लोरिनच्या याच चिवटपणाची दुसरी बाजू अशी की ही रसायनं निसर्गात लवकर मोडत नाहीत, आणि युरोपात त्यांच्यातल्या काहींवर निर्बंध येऊ लागले आहेत.

घराणं कुठलंही असो, काचेवर शेवटी उरतो तो थर काही नॅनोमीटरचा. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड. म्हणून तो दिसत नाही आणि काच काळी होत नाही. कोणी विचारतं, पोलीस पकडतील का? काचेतून किती प्रकाश यायला हवा याचा नियम आहे, पुढच्या-मागच्या काचेला ७० टक्के आणि बाजूच्या काचांना ५० टक्के, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मला मनाई केली तीही त्याच नियमाच्या आधारे. हा लेप म्हणजे फिल्म नव्हे, त्याला रंग नाही, त्यामुळे तो प्रश्न इथे येत नाही.

विमानांत ही युक्ती गाड्यांच्या फार आधीपासून आहे. बोइंगच्या जेट विमानांत कॉकपिटमध्ये एक बटण असायचं. जोराच्या पावसात वैमानिकानं ते दाबलं की बाहेरून काचेवर पाणी झटकणारा द्रव फवारला जाई. त्या द्रवात ओझोनच्या थराला घातक असा फ्रिऑन जातीचा घटक होता, म्हणून १९९० च्या दशकात ही पद्धत मागे पडली आणि काचेवरच टिकाऊ लेप द्यायची पद्धत आली. विमानाला वाऱ्याची चिंता नाही हे लक्षात घ्या. धावपट्टीवर उतरतानाही त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर असतो. आपलं भूगाव तसं नाही.

थेंब हलत का नाही

थेंब गोल झाला म्हणजे तो घरंगळेलच असं नाही. स्वयंपाकघरात तेलाचा हात लागलेल्या स्टीलच्या ताटावर पाणी शिंपडा. थेंब गोल होतील, ताट तिरकं केलं तरी बारीक थेंब चिकटून बसतील आणि मोठे पळतील. थेंब खाली सरकायला लागतो तेव्हा पुढून तो फुगतो आणि मागून खेचला जातो. पुढच्या आणि मागच्या कडेच्या कोनांत जितका फरक पडू शकतो तितकी त्याची पकड घट्ट. चांगल्या लेपाची खरी परीक्षा ही आहे. नुसता गोल थेंब दाखवणारा व्हिडिओ काहीच सिद्ध करत नाही. काच किती तिरकी केल्यावर थेंब निसटतो ते विचारायला हवं.

यात एक साधा हिशेब लपलेला आहे. थेंबाची रुंदी दुप्पट झाली की त्याचं वजन आठपट होतं, पण काचेवरची पकड दुप्पटच वाढते, कारण पकड कडेची असते आणि वजन सगळ्या पोटाचं. म्हणून मोठा थेंब आपल्या वजनानं किंवा वाऱ्यानं निघून जातो आणि बारीक थेंब पाय रोवून बसतो. लेप लावलेल्यांची नेहमीची तक्रार, 'धो धो पावसात मस्त चालतं पण भुरभुरीत काही दिसत नाही', ती यातूनच येते. मुसळधार पावसात थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात. भुरभुर मात्र देवीच्या फोडांसारखी बसून राहते.

वाऱ्याचं गणित वेगावर आणि काचेच्या तिरकेपणावर आहे. साधारण साठ-सत्तरच्या पुढे बहुतेक हॅचबॅक आणि सेडान गाड्यांच्या काचेवरून हवा वरच्या दिशेनं इतक्या जोरात जाते की थेंब चढायला लागतात. या गाड्यांची काच तिरकी असते, हवा तिच्यावरून घसरत वर जाते. थार, ट्रक, एसटी यांची काच बरीच उभी. तिथे हवा काचेला समोरून थापड मारते आणि मधल्या भागात थेंब दाबून धरल्यासारखे होतात. एकाच बाटलीबद्दल एकजण पंचतारांकित कौतुक लिहितो आणि दुसरा शिव्या घालतो, त्यातलं निम्मं भांडण गाडीच्या काचेच्या कोनाचं असतं.

माझं मत सांगायचं तर, मुंबईत सायन ते अंधेरी रोज कामाला जाणाऱ्यानं या लेपावर वेळ घालवू नये. द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धीवर नियमित जाणाऱ्यानं जरूर लावावा. रात्रीच्या प्रवासात फायदा जास्त, पण तोही वेगात असतानाच. मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेनं १९९७ मध्ये केलेल्या अभ्यासात असा लेप असताना ओल्या काचेतून लहान वस्तू ओळखायला चालकांना सुमारे एक सेकंद कमी लागला. ताशी ६० किलोमीटरला एका सेकंदात गाडी जवळपास १७ मीटर जाते, हे कागदावर गुणून बघा.

मुळशीच्या टपरीवर

धरणापाशी चहा-भजीला थांबलो तेव्हा मी मामाला हे सगळं ऐकवलं. त्यानं भजी संपवली आणि विचारलं, "आम्ही काय करायचो माहितीय?"

माहीत होतं, लहानपणी पाहिलंही होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. "चिमूटभर तंबाखू घ्यायची, ओली करायची, फडक्यात धरून काचेवर बाहेरून चोळायची. नसली तर बटाटा अर्धा कापून. मग पाणी कसं, चादर टाकल्यासारखं उतरतं. थेंब धरत नाही."

मी इतकी वर्षं तंबाखूला बाटलीचा गरिबाघरचा भाऊ समजत होतो. टपरीवर पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला की तंबाखू बरोबर उलटं काम करते. घासल्यानं काचेवरचा तेलकट थर निघतो आणि मागे रसाचा पातळ, पाणी ओढून घेणारा थर राहतो. बटाट्याच्या रसानं आणि पिठानं तेच होतं. पाणी गोळा होण्याऐवजी सारखं पसरतं. म्हणजे ही ती पहिली वाट. आणि मामाच्या गाडीचा विचार करा: काच उभी, वेग घाटात तीस-चाळीस, वारा कुठून येणार? त्याच्या काचेला पाणी पसरवणारीच युक्ती लागू होती. माझ्या तिरक्या काचेला सत्तरच्या वेगात बाटली. तंबाखूच्या चुऱ्यात बारीक खडे असतील तर काचेवर बारीक ओरखडे पडतात आणि दहा-पंधरा मिनिटांच्या पावसात ती धुऊन जाते, हे तिचे दोष. पण तत्त्वात चूक काही नाही.

या वाटेचं प्रयोगशाळेतलं रूपही आहे. टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरावर अतिनील प्रकाश पडला की त्यावर पाणी संपूर्ण सपाट पसरतं, हे जपानी संशोधकांनी दाखवलं, योगायोगानं तेही १९९७ मध्येच. गाड्यांच्या बाजूच्या आरशांना असा थर देतात. आरसा त्याच्या कवचाच्या आडोशाला असतो, त्याच्या तोंडावर वारा येत नाही, म्हणून तिथे थेंब पळवायचे कुणी? पसरवलेलेच बरे. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे जपानी लोक तंबाखूच लावतात की."

पुढे ताम्हिणीत ढग खाली उतरले आणि काच आतून धुरकटली. इथे दोन्ही युक्त्या बाहेरच्या बाहेर राहिल्या. आतलं धुकं म्हणजे आपल्याच श्वासातली वाफ गार काचेवर बसलेली. त्याला उपाय एसी चालू करून हवा काचेवर सोडणं. एक गोष्ट मात्र हौसेनं करू नका: पाणी झटकणारा लेप काचेच्या आतून लावणं. वाफ मग बारीक थेंबांत बसते आणि आधीपेक्षा कमी दिसतं. आतून हवी ती पसरवणारी वस्तू. जुने लोक पातळ साबण लावून कोरड्या फडक्यानं पुसायचे, ते याचसाठी.

लावताना मी काय घोळ घातला

अर्ध्या काचेचा प्रयोग हा माझा दुसरा प्रयत्न. त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, तापलेल्या काचेवर मी सगळी बाटली घाईनं चोळली होती. अल्कोहोल हात फिरायच्या आत उडून गेलं, लेप पट्ट्यापट्ट्यांनी बसला. दिवसा काही कळलं नाही. रात्री समोरून ट्रक आला आणि त्याचे दिवे काचभर इंद्रधनुष्यासारखे फाकले. वायपर लावला तर टर्र-टर्र.

त्या टर्रटर्रीचं कारण समजून घेण्यासारखं आहे. वायपरचं रबर पाण्याच्या पातळ थरावर तरंगत सरकतं. पाणीच त्याचं वंगण. लेपावर पाण्याचा अखंड थर राहत नाही, म्हणून रबर मधेच कोरड्या काचेला चिकटतं, ताणलं जातं, सुटतं, पुन्हा चिकटतं. लेप नीट न पुसल्यामुळे वर साका राहिला असेल किंवा रबर जुनं, कडक झालं असेल तर जास्तच. गॅरेजवाल्याकडे जाण्याआधी काच कोरड्या मायक्रोफायबरनं जोर लावून पुसावी आणि रबराची कड ओल्या फडक्यात धरून ओढून घ्यावी. बहुतेक वेळा आवाज बसतो. नाही बसला तर रबर बदलायचं.

दुसऱ्यांदा मी घाई केली नाही. सगळं यश साफसफाईत आहे. आधी शाम्पूनं धुणं. मग पांढरे ठिपके. बोअरच्या पाण्यानं उन्हात गाडी धुतली की पाणी उडतं आणि चुन्याचे डाग राहतात; ताजे असतील तर व्हिनेगरनं जातात, जुने काचेत रुतलेले असले तर सेरियम ऑक्साइडचं पॉलिश घासावं लागतं. त्यानंतर हाताला खरखर लागत असेल तर क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणारी चिकणमातीसारखी वडी. शेवटी स्पिरिट. झालं का साफ, हे बघायची खूण मजेशीर आहे: काचेवर तांब्याभर पाणी ओता. ते कुठेही न फाटता चादरीसारखं उतरलं पाहिजे. म्हणजे पाणी झटकणारा लेप लावायचा तर आधी काच मामाच्या तंबाखूच्या तोडीची पाणीवेडी करावी लागते. रसायन काचेला धरणार आहे, तेलाला नाही.

मग सावलीत, गार काचेवर, छोट्या चौकोनी फडक्यानं, एकावर एक पट्टे येतील असा हात फिरवायचा. पांढरट झाक आली की पुसून काढायची, दुसरा हात द्यायचा आणि बाटलीवर लिहिलंय तितके तास पाणी लागू द्यायचं नाही. बॉनेटवर जुनं फडकं टाका. रंगकाम करणाऱ्यांना सिलिकॉनची धास्ती असते, कारण पत्र्यावर त्याचा अंश राहिला तर नवा रंग तिथे धरत नाही आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

टिकतं किती? सिलिकॉनचे लेप काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत, फ्लोरिनचे त्याहून बरेच जास्त. वायपर, ऊन आणि तीव्र शाम्पू हे तिघे त्याला खातात. जूनच्या पहिल्या आठवड्यात लावलं तर गणपतीच्या आधी पुन्हा एक हात द्यावा लागतो, असा माझा अनुभव. वायपरच्या कमानीत लेप आधी जातो आणि कोपऱ्यांत शिल्लक राहतो, ते बघून वेळ ओळखता येते.

ज्यांच्या गाडीत पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर आहेत त्यांनी एक लक्षात ठेवावं. आरशामागे बसवलेला तो सेन्सर पाणी पाहत नाही, प्रकाश मोजतो. काचेच्या आतून साधारण ४५ अंशांनी अवरक्त किरण सोडलेले असतात. बाहेर हवा असेल तर ते काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून पूर्ण परत येतात, कारण काचेतून हवेत जाताना ४१ अंशांच्या पुढे प्रकाश निसटूच शकत नाही. पाणी असेल तर ही मर्यादा ६१ च्या आसपास जाते आणि त्या जागेवरचा प्रकाश बाहेर पळतो. परत आलेला प्रकाश कमी झाला की वायपर फिरतो. लेप लावल्यावर तेवढंच पाणी गोळा होऊन कमी जागा व्यापतं, त्यामुळे सेन्सरला पाऊस कमी वाटू शकतो. संवेदनक्षमता एक घर वाढवून बघावी, किंवा सेन्सरसमोरचा तळहाताएवढा भाग लेपाविना ठेवावा.

परतताना

माणगावाहून निघायला संध्याकाळ झाली. पौडला पुन्हा चहा. मामानं टपरीवाल्याकडून फडकं मागून घेतलं, चंची काढली, चिमूट ओली केली आणि डावी अर्धी काच मन लावून चोळली. टपरीवरची दोन पोरं बघत उभी राहिली.

भूगावच्या रांगेत लागलो तेव्हा अंधार पडला होता आणि नुकतीच भुरभुर सुरू झाली होती. मी वायपर लावले नाहीत. डावीकडे पाणी एकसारखं उतरत होतं आणि पुढच्या बसचे दोन लाल दिवे दोनच दिसत होते. माझ्याकडे ते दोनशे होते.

थोडा वेळ तसाच काढला, मग वायपर लावला. उजव्या काचेवर तो टर्रकन ओरडला. डावीकडे अलगद फिरला आणि पहिल्या दोन फेऱ्यांतच मामाची तंबाखू पुसून घेऊन गेला. मामा काही बोलला नाही. खिशातली चंची चाचपत म्हणाला, "ती बाटली किती मिलीची असते रे?"